मिक्सरच्या शाफ्टला तिरका तडा: ईएन२४ घेऊ की दुसरं काही? सल्ला हवा

भांडुपचा_गाळेवाला

नमस्कार मंडळी. भांडुपला आमचा पावडर मिक्सिंगचा गाळा आहे. रिबन मिक्सर आहे, मोटर ११ किलोवॅट, गिअरबॉक्समधून शाफ्टला ४० आरपीएम मिळतात. शाफ्ट ६० मिमी, ईएन८ स्टीलचा, फ्लँज कपलिंगला (शाफ्टचा जोड) १८ मिमीची चावी. माल नीट मिसळावा म्हणून दर तीन मिनिटांनी उलटा फिरवतो. दोन पाळ्या चालतात.

वर्षभरापूर्वी शाफ्ट कीवेजवळ (चावी बसते ती खाच) तुटला. नवीन टाकला, त्यालाही आता तिथेच तडा दिसतोय. कीवेच्या कोपऱ्यातून निघून थोडा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गेलाय आणि मग तिरका वळलाय. आजूबाजूला ग्रीसमध्ये तांबूस-तपकिरी पूड जमते.

तिघांनी तीन सल्ले दिलेत. पुरवठादार म्हणतो ईएन२४, म्हणजे जास्त ताकदीचं स्टील घ्या. फॅब्रिकेटर म्हणतो तडा घासून वेल्ड भरून देतो, दोन तासांचं काम. वडील म्हणतात दिवाळीचा माल निघेपर्यंत असंच चालू दे. तुम्ही काय कराल?

पाना_सतरा_अठरा

वेल्ड अजिबात नको. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. नीट प्रीहीट न करता (आधी न तापवता) भरलंत तर वेल्डच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होणार आणि पुढचा तडा तिथूनच निघणार. आणि कीवेत वेल्ड भरल्यावर ती पुन्हा मापात काढणार कोण? दोन तासांचं काम पुढे दोन दिवस खातं.

सायन_ते_साकीनाका

आम्ही ईएन२४ केलं आणि सुटलो. माझं मत ईएन२४.

पवईची_पोर

धातुशास्त्रात एम.टेक. करतेय, म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

दादा, तुमचा तडा ज्या वाटेने गेलाय त्यातच बरंचसं उत्तर आहे. शाफ्टला पीळ बसतो तेव्हा सगळ्यात जास्त शिअर (थर एकमेकांवर सरकवणारं बळ) दोन दिशांना असतं: शाफ्टच्या लांबीला समांतर आणि त्याला काटकोनात. सगळ्यात जास्त खेचणारा ताण मात्र ४५ अंशांवर असतो. खडू पिळून बघा, तिरका, स्क्रूच्या आट्यांसारखा तुटतो. खडू ठिसूळ, त्याला ताण सोसत नाही. ईएन८ सारखं लवचिक स्टील वेगळं वागतं. त्यात फटीगची (पुन्हा पुन्हा बळ बसून येणाऱ्या थकव्याची) सुरुवात कणांच्या आतल्या घसरणीने होते, म्हणून तडा आधी शिअरच्या दिशेने निघतो. शिवाय रोल केलेल्या बारमध्ये मँगनीज सल्फाइडचे दोरे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात, त्यामुळे लांबीची वाट त्याला आणखी सोपी जाते. हा पहिला टप्पा. थोडा मोठा झाला की तडा ताणाच्या दिशेला काटकोन करून वळतो. तो दुसरा टप्पा. फोर्सिथ यांनी १९६१ च्या सुमारास ही दोन टप्प्यांची मांडणी केली, आजही तीच वापरतात.

तपकिरी पूड हा दुसरा पुरावा. ताणाखालचा तडा उघडतो-मिटतो. शिअरखालच्या तड्याची दोन्ही तोंडं एकमेकांवर घासत राहतात, त्यातून लोखंडाचा बारीक ऑक्साइड निघतो. घासण्यात बरीच ऊर्जा जाते, खडबडीत तोंडं एकमेकांत अडकतात, त्यामुळे तड्याच्या टोकाला पोहोचणारं बळ कमी होतं. गोल खाच पाडलेल्या नमुन्यांना पीळ देऊन केलेल्या चाचण्यांत तडा खोल गेल्यावर त्याचा वेग उलट *घटलेला* दिसतो. ताणाच्या तड्यात असं सहसा होत नाही, तो जितका मोठा तितका जोरात पळतो.

म्हणून वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. तडा लांबीच्या दिशेने रेंगाळत असता तर मी गप्प बसले असते. पण तो वळलाय. म्हणजे आता उघडायला लागलाय. पॅरिस-एर्डोगन यांचं १९६३ चं सूत्र इथून पुढे लागू होतं: तड्याचा वेग हा ताण-तीव्रतेच्या (तड्याच्या टोकावरच्या ताणाचं माप) फरकाच्या घाताने वाढतो आणि स्टीलसाठी तो घातांक साधारण ३ धरतात. तीव्रता दुप्पट झाली की वेग आठपट. दिवाळीपर्यंत थांबू नका.

ईएन२४ बद्दल: जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये तडा *सुरू* व्हायला वेळ लागतो हे खरं. पण एकदा सुरू झाला की मधल्या टप्प्यातला त्याचा वेग स्टीलगणिक फारसा बदलत नाही. आणि जास्त ताकदीचं स्टील खाचेला जास्त हळवं असतं.

सायन_ते_साकीनाका

मग आमचं कसं काय चाललं हो ताई?

पवईची_पोर

व्यास तोच ठेवला होता का?

सायन_ते_साकीनाका

नाही, ६० चा ७० केला होता.

पवईची_पोर

मग झालं की! पिळाचा ताण व्यासाच्या घनाने कमी होतो. ६० चा ७० केला की ताण ३७ टक्के उतरतो. श्रेय ईएन२४ ला गेलं, काम व्यासाने केलं.

जुना_टूलरूमवाला

पोरीने पुस्तकातलं बरोबर सांगितलं. आता कारखान्यातलं सांगतो. तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यात असे शाफ्ट बघितले की मी आधी कीवेच्या तळाचा कोपरा बघायचो. बोट फिरवा. नखाला धार लागली तर मिलिंगवाल्याने नवाकोरा एंडमिल (खाच काढायचा कटर) लावून कोपरा चौकोनी काढलाय. १८ च्या चावीला तळाशी ०.२५ ते ०.४ मिमी त्रिज्या असावी असं मानक सांगतं. बहुतेक ठिकाणी तेवढीही नसते. डिझाइनच्या पुस्तकांत पिळाखाली एंडमिल कीवेसाठी ताण तिप्पट धरतात, तेही व्यासाच्या दोन टक्के त्रिज्या गृहीत धरून. तुमच्या ६० ला ती १.२ मिमी होते. चौकोनी कोपऱ्यात तिपटीने कुठं भागणार?

दुसरं, कीवे संपते कुठे तेही बघा. पायरीच्या (व्यास बदलतो तिथल्या) कोपऱ्यात किंवा कपलिंगच्या कडेला बरोब्बर संपत असेल तर दोन खाचा एकावर एक चढल्या. थोडी आत घ्या.

कोपऱ्याची त्रिज्या हवी असेल तर मिलिंगवाल्याला चित्रावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं «हो साहेब» म्हणतात आणि कटर तोच लावतात.

रूळकरी

विषय जवळचा म्हणून डोकावलो. मी ट्रॅकच्या कामात आहे. पवईच्या ताईंनी सांगितलं की शिअरचा तडा शेवटी वळतो. शुद्ध शिअरमध्ये तो सुमारे ७० अंशांत वळतो असं एर्डोगन आणि सी यांचं १९६३ चं गणितही सांगतं. पण रुळात तो बराच काळ वळत नाही, आणि आमची डोकेदुखी तीच.

चाक रुळावरून जाताना खाली प्रचंड दाब असतो. तडा उघडायला जागाच नसते, त्यामुळे तो पृष्ठभागाखाली उथळ कोनात शिअरनेच सरकत राहतो. वळणावरच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला बारीक तिरप्या रेघांची रांग दिसते, तिला हेड चेक म्हणतात. वरून बघाल तर किरकोळ ओरखडे वाटतील. पावसाचं पाणी आत शिरलं की दोन गोष्टी होतात: तोंडांचं घर्षण कमी होतं, आणि चाकाने तोंड मिटलं की अडकलेलं पाणी टोकाला पाचरीसारखं दाबतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, तेव्हा समजा. त्यातला एखादा तडा खाली वळतो आणि रूळ आडवा तुटतो. इंग्लंडमध्ये हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी असाच रूळ तुटून चार जण गेले, रुळाचे तीनशेहून जास्त तुकडे झाले होते. तेव्हापासून घासून वरचा थर काढणं आणि अल्ट्रासॉनिक तपासणी यांवर जगभर जास्त जोर आला.

तुमच्या शाफ्टवर असा दाब नाही, त्यामुळे तो लवकर वळणारच. तपासणीबद्दल एक सांगतो. एकट्या डीपी टेस्टवर (रंगीत द्रव लावून तडा शोधणं) भिस्त ठेवू नका. लाल पेनिट्रंट आत शिरायला तोंड उघडं लागतं. घासून-घासून मिटलेलं किंवा ऑक्साइडने भरलेलं तोंड डीपीला चकवतं. चुंबकीय कणांची तपासणी करून घ्या, आणि योक (त्यासाठीचं चुंबक) दोन काटकोनी दिशांना फिरवायला सांगा. एकाच दिशेने फिरवला तर त्या दिशेला समांतर तडा दिसत नाही.

भांडुपचा_गाळेवाला

सगळ्यांचे आभार. काका, कोपरा बघितला, तुम्ही म्हणता तसाच, नखाला चावतो. आणखी एक: जुना तुटलेला शाफ्ट कोपऱ्यात पडला होता, तो साफ करून बघितला. तडा एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंना तिरका आहे, इंग्रजी एक्ससारखा. आणि तुटलेल्या तोंडावर सुरुवातीचा भाग घासून गुळगुळीत चकाकतोय, पुढे खरबरीत आहे. याचा काही अर्थ?

पवईची_पोर

मोठा अर्थ आहे! एकाच दिशेने पीळ बसला तर एकाच बाजूला तिरका तडा येतो. एक्स म्हणजे पीळ दोन्ही दिशांनी बसतोय. मारेकरी तुमचं रिव्हर्स आहे.

हिशोब करू. ११ किलोवॅट, ४० आरपीएम म्हणजे साधारण २६२५ न्यूटन-मीटर टॉर्क. ६० च्या शाफ्टवर ६२ मेगापास्कल शिअर, हे खाच न धरता. पण उलटं फिरवताना ते +६२ वरून −६२ वर जातं, म्हणजे फरक १२४. डायरेक्ट ऑनलाइन स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) असेल तर सुरू होताना टॉर्क दुपटीच्या पुढे जाऊ शकतो, तेव्हा फरक २५० च्या घरात. त्यावर खाचेची तिप्पट.

दर तीन मिनिटांनी एक उलट, १६ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर पीळ साधारण ९६ हजार वेळा उलटतो, म्हणजे ४८ हजार पूर्ण फेरे. वाकण्यामुळे तुटला असता तर प्रत्येक आवर्तनाला एक फेरा, म्हणजे वर्षाला एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास, आणि तडा आडवा, सपाट असता. तुमचा तसा नाहीये. एक प्रश्न: ऑपरेटर रिव्हर्स करताना मशीन पूर्ण थांबू देतो का?

भांडुपचा_गाळेवाला

नाही हो. फिरत असतानाच बटण दाबतात. वेळ वाचतो म्हणून.

पाना_सतरा_अठरा

घ्या! म्हणजे पावडरसकट अख्खं रिबन एका दिशेने फिरतंय आणि मोटर त्याला दुसरीकडे खेचतेय. शाफ्ट तुटला नसता तर गिअरबॉक्सचे दात गेले असते. पॅनेलवाल्याला सांगून रिव्हर्सच्या आधी टाइमर लावून घ्या, इंटरलॉकसकट. पंधरा-वीस सेकंद थांबल्याशिवाय उलटा कॉन्टॅक्टर (मोटरचा विद्युत स्विच) ओढलाच जाता कामा नये. ऑपरेटरला समजावण्यापेक्षा टाइमर स्वस्त. ऐपत असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा आणि रॅम्प द्या, म्हणजे वेग हळूहळू बदलेल.

जुना_टूलरूमवाला

आणि कीवे टाळता येत असेल तर टाळा. कोन असलेल्या रिंगांचं, चावी नसलेलं लॉकिंग बुश मिळतं, नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. पकड टॉर्कला पुरेल का ते तक्त्यात बघून मगच घ्या, आणि शाफ्टचा व्यास त्याच्या टॉलरन्समध्ये काढून घ्या. नाहीतर ईएन८ च, व्यास ७०, तळाला त्रिज्या, कीवेची टोकं गुळगुळीत. ईएन२४ चे पैसे टाइमरवर घाला.

भांडुपचा_गाळेवाला

ठरलं. मशीन आज रात्रीपासून बंद. गिअरबॉक्सचा आउटपुट ६० चाच आहे, पण आमच्या बाजूचं कपलिंग ७० ला बोअर करता येईल, हबला मांस पुरेसं आहे. टाइमर उद्या. बेअरिंग बदलावी लागतील, तो खर्च वडिलांना कसा सांगायचा तेवढं कुणीतरी सुचवा.

सायन_ते_साकीनाका

जुना शाफ्ट त्यांच्या टेबलावर ठेवा, एक्स वर करून. आणि वेल्डवाल्याला फोन करून नको सांगा, नाहीतर तो सकाळी मशीन घेऊन दारात उभा राहील.