मदत हवी आहे : हेलिऑस निकॉनवर बसते, पण लांबचं काहीच फोकस होत नाही

खडूस_कॅमेरा
हेलिऑस ४४-२ (जुनी सोव्हिएत ५८ मिमी एफ/२ लेन्स) घेतली, सोबत एम४२ (लेन्सच्या ४२ मिमी आट्यांची बैठक) ते निकॉन अडॅप्टर. जवळचं झकास दिसतं, पण पावणेदोन मीटरच्या पुढचं काही केल्या स्पष्ट होत नाही. रिंग पार इन्फिनिटीच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) खुणेपर्यंत फिरवली तरी समोरची इमारत म्हणजे नुसता धूर. रविवारी घरात साखरपुडा आहे, तिथे हीच लेन्स वापरायची आहे. लेन्स खराब आहे की अडॅप्टर? लवकर सांगा. ‘किट लेन्स वापर’ हा सल्ला नको.

तिसरा_डोळा
कुठली निकॉन? अडॅप्टरमध्ये काच आहे का?

आरशातला_माणूस
लेन्सही ठीक, अडॅप्टरही ठीक. एम४२ लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉन एफ माउंटवर (निकॉनच्या आरसा असलेल्या डीएसएलआरची लेन्स-बैठक) ते मुळातच ४६.५ आहे. म्हणजे लेन्स १.०४ मिमी पुढे बसते आणि इन्फिनिटी हातची जाते. उपाय एकच, काचेचा अडॅप्टर घ्या.

तिसरा_डोळा
‘उपाय एकच’ कशाला म्हणता? ती काच म्हणजे बारकासा टेलिकन्व्हर्टर. इन्फिनिटी मिळते, पण एफ/२ ला सगळ्यावर दुधाळ पडदा येतो. हेलिऑस घ्यायची ती उघड्या अपर्चरला गोल फिरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी, आणि तिथेच ही काच घात करते.

आरशातला_माणूस
एफ/४ ला बंद करा, पडदा जातो. डीएसएलआरवाल्यांना दुसरा रस्ता दाखवा, मग बोला.

पेचकस
फोकस रिंगवर तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल करून रिंग थोडी सरकवा, परत घट्ट करा. इन्फिनिटी पुढे-मागे करता येते. पैसे शून्य.

तिसरा_डोळा
कृपया असलं काही सुचवू नका. ते समायोजन मिलिमीटरच्या अंशाचं असतं, इथे तूट अख्ख्या मिलिमीटरची आहे. शिवाय हेलिकॉइडला (फोकससाठी लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांच्या नळीला) आटे सुरू होण्याच्या जागा अनेक असतात. खूण न करता तो बाहेर आला आणि परत चुकीच्या जागी बसला, तर आहे ती इन्फिनिटीही जाईल.

पेचकस
खूण करूनच उघडायचं असतं, हे सांगावं लागतं का?

तिसरा_डोळा
धागालेखकाला कॅमेऱ्याचं मॉडेलही सांगावं लागतं हे कळलेलं नाही, म्हणून हो.

खडूस_कॅमेरा
काच नाही, नुसती धातूची अंगठी आहे. आणि कॅमेरा निकॉन आहे, वर लिहिलंय की.

बुरशीनाशक
लेन्स घेताना टॉर्च मारून आत पाहिलंत का? कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर ती बुरशी. कोकणपट्टीत पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीची शेती. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्के ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून परत वापरा.

पिवळी_काच
बुरशीपेक्षा थोरियमचं बघा. जुन्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे, ती काळानुसार पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो.

तिसरा_डोळा
हेलिऑस ४४-२ मध्ये थोरियम नाही आणि प्रश्न फोकसचा आहे. खडूसराव, ‘निकॉन’ म्हणजे डी मालिका (आरसा असलेली डीएसएलआर) की झेड (आरसा नसलेली)?

खडूस_कॅमेरा
झेड ५. एफटीझेड (झेडवर एफ माउंटच्या लेन्स बसवणारा निकॉनचा अडॅप्टर) आधीपासूनच होता, म्हणून त्यावर बसणारी एम४२ ते एफ अंगठी घेतली. झेडचा अडॅप्टर महाग पडत होता.

मोजपट्टी
हे पहिल्याच ओळीत आलं असतं तर वरचे निम्मे प्रतिसाद टळले असते. एफटीझेडचं कामच मुळी झेड बॉडीवर एफ माउंटचं ४६.५ मिमी अंतर तयार करणं आहे. झेडचं स्वतःचं १६ मिमी, एफटीझेड ३०.५. म्हणजे आरसा नसलेल्या बॉडीवर तुम्ही डीएसएलआरची अडचण हौसेने विकत घेतलीत.

तुमचा पावणेदोन मीटरचा आकडाही जुळतो. नुसत्या १.०४ मिमीच्या तुटीत ५८ मिमी लेन्सची मर्यादा सेन्सरपासून सुमारे ३.३ मीटरवर येते. अंगठीची कड १ मिमी जाड धरली तर तूट २.०४. ५८ चा वर्ग भागिले २.०४, म्हणजे १.६५ मीटर. त्यात लेन्सची लांबी धरा, पावणेदोन. लेन्स निर्दोष आहे.

एफटीझेड आणि अंगठी दोन्ही काढा. सरळ एम४२ ते झेड अडॅप्टर घ्या, जाडी २९.४६ मिमी, काच नको. यात इलेक्ट्रॉनिक्स काही नसतं, साधी धातूची नळी आहे, एफटीझेडच्या किमतीशी तुलना करू नका. मुंबईत असाल तर फोर्टच्या बोरा बझारात विचारा, ऑनलाइन मागवून रविवारपर्यंत येईलच असं नाही.

घेताना आतून बघा. चकचकीत असेल तर दिव्यांचं प्रतिबिंब सेन्सरवर जाऊन काळा रंग राखाडी होतो. मॅट काळा हवा.

आरशातला_माणूस
झेड असेल तर काचेची गरज नाही, मान्य. डीएसएलआरबद्दल मत तेच.

खडूस_कॅमेरा
मिळाला. इमारत स्पष्ट दिसते. पण आता तीन भानगडी. अपर्चरच्या जागी ‘एफ--’ येतं. लेन्सवरचे आकडे बाजूला वळलेत. आणि अपर्चरची रिंग फिरवूनही उजेड बदलत नाही.

मोजपट्टी
‘एफ--’ येणारच, लेन्समध्ये चिप नाही. मोड ए किंवा एम ठेवा. सेटअप मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये फोकल लेंथ ५८ आणि मोठ्यात मोठं अपर्चर २ भरा. हे टाळू नका. झेड ५ चं सेन्सर स्थिरीकरण फोकल लेंथ बघून हलतं, चुकीचा आकडा असेल तर तेच फोटो हलवतं.

आकडे वळलेत कारण एम४२ आट्यांवर फिरत बसते. काही अडॅप्टरच्या कडेला तीन इवले स्क्रू असतात. ते सैल करा, आतली कडी फिरवून खूण वर आणा, घट्ट करा. स्क्रू नसतील तर सोडून द्या, फोटोला फरक पडत नाही.

४४-२ ला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत. टकटक अडते ती फक्त मर्यादा ठरवते. मऊ फिरते ती रिंग अपर्चरची पाती प्रत्यक्ष बंद करते. टकटक रिंग ४ वर ठेवा, मऊ रिंग उघडी ठेवून फोकस करा, मग अडेपर्यंत बंद करून फोटो घ्या.

पेचकस
फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवणारी सोय) लावा, काम सोपं.

तिसरा_डोळा
एफ/२ ला पीकिंगवर विसंबू नका, नाकही रंगतं आणि कानही. पडद्यावर डोळा मोठा करून बघा. २ मीटरवर एफ/२ ला फोकसची खोली जेमतेम १४ सेंमी मिळते, एफ/४ ला २८. साखरपुड्याची अंगठी घालताना दोघांचे चेहरे धरायचे असतील तर एफ/४ च्या खाली जाऊ नका. आणि ४९ मिमीचा रबरी हूड लावा. जुन्या लेपाची लेन्स आहे, हॉलमधले दिवे समोरून आले की सगळं फिकट होतं.

खडूस_कॅमेरा
मऊ रिंग सापडली. पण इन्फिनिटीच्या खुणेच्या जरा आधीच इमारत स्पष्ट होते. हेही चूक?

मोजपट्टी
नाही. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे इन्फिनिटी नक्की मिळते. ५८ मिमीला त्रास नाही, रिंग शेवटपर्यंत न नेता पडद्यावर बघून थांबा. वाइड लेन्सला मात्र अंतराची पट्टी खोटी ठरते, तेव्हा अडॅप्टरच्या दोन भागांमध्ये पातळ चकती घालावी लागते.

नवखा_७७
माझ्याकडे कॅनन डीएसएलआर आहे, तिथेही काचेचा अडॅप्टर लागेल का?

तिसरा_डोळा
नाही. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणजे एम४२ साठी १.४६ मिमीची जागा शिल्लक राहते. साधी अंगठी पुरते. लेन्सला मागे अपर्चर बंद करणारी पिन असेल तर ती दाबून धरणारी कड असलेली अंगठी घ्या, नाहीतर अपर्चर उघडंच राहील. फुल फ्रेम बॉडी असेल तर पहिल्यांदा इन्फिनिटीवर नेऊन हळूच शटर दाबा, काही लेन्सच्या मागच्या कडेला आरसा आपटतो. बॉडी कुठली आहे?