पोर्तुगालचा किनारा कॅम्परव्हॅनने: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

मंडळी, पुढच्या मे महिन्यात मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई असे आम्ही पोर्तुगालला कॅम्परव्हॅन (आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायचं म्हणतोय. लिस्बनला गाडी ताब्यात घ्यायची, सेतुबालवरून फेरीबोटीने त्रोया, मग अलेंतेजो प्रांताचा किनारा धरत खाली साग्रेस, आणि वेळ उरला तर वर नाझारे. रस्ता ठरलाय, अडलंय ते रात्रीच्या मुक्कामापाशी. व्हिडिओत बघावं तर प्रत्येकजण कड्यावर गाडी लावून समुद्राकडे तोंड करून झोपलेला, आणि नियम वाचायला घेतले की कळतं तिथे झोपायला मनाई आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, जेवण, पाणी, संडास, टोल, वयस्कर माणसं, काहीही चालेल, फोटोपेक्षा बारीकसारीक गोष्टी जास्त हव्यात.

म्युनिकहून

मुक्कामाचंच आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर बेतायचं असतं. 2021 मध्ये तिथला कायदा दोनदा बदलला. आधी ठरवलेल्या जागा सोडून कुठेही रात्री राहायला बंदी आली, मग त्याच वर्षी थोडी सूट दिली. आता साधारण असं आहे की रात्री 9 ते सकाळी 7 गाडीत माणसं असतील तर तो मुक्काम धरतात, आणि जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे एका नगरपालिकेच्या हद्दीत 48 तासांपर्यंत चालतं. पण (आणि हा पण फार मोठा आहे) संरक्षित निसर्गक्षेत्रं आणि किनारपट्टीचे राखीव पट्टे यातून वगळलेत, आणि तुम्ही जो रस्ता लिहिलाय त्यातला सिनेसच्या खालचा जवळजवळ सगळा किनारा नैऋत्य अलेंतेजो आणि कोश्ता व्हिसेंतिना या नॅचरल पार्कात येतो. म्हणजे व्हिडिओतले कडे नेमके बंदीतले. पोलिस फेरी मारतात, उठवतात, दंडही करतात, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबरच आहे, गाड्यांनी वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं पार तुडवून टाकलेली मी बघितलीत. दिवसभर समुद्राजवळच्या पार्किंगला थांबा, सूर्यास्त बघा आणि मग आत गावाकडच्या कॅम्पिंगला जा. मिलफोन्तेस, झांबुजैरा, साग्रेस सगळीकडे कॅम्पिंग आहेत. शिवाय बऱ्याच गावांत कॅम्परसाठी सर्व्हिस एरिया असतो, तिथे पिण्याचं पाणी भरता येतं, सांडपाणी सोडता येतं आणि संडासाची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) रिकामी करता येते. आम्ही रोजचा प्लॅन उलटा करायचो, म्हणजे आधी रात्र कुठे ते पक्कं आणि मग त्याच्या आजूबाजूला काय बघायचं ते.

ठाण्याहून

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो त्यामुळे सासूबाईंसाठी लिहिते. गाडी ठरवताना किती जण झोपतात एवढंच विचारू नका, कोणता बेड कुठे आहे ते विचारा. वरच्या बेडला शिडी असते आणि रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ती अजिबात जमत नाही, त्यांना खालचा आणि संडासाच्या बाजूचा बेड द्या. संडासच नसलेल्या छोट्या व्हॅन स्वस्त दिसतात पण ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर तो विचारही करू नका. आणि मधे मधे एखादी रात्र साध्या हॉटेलात काढा, आईला मनसोक्त गरम पाण्याने अंघोळ मिळाली की पुढचे दोन दिवस ती खुशीत असायची.

भारतातून व्हिसा काढताना राहण्याचे पुरावे मागतात. आम्ही गाडीच्या बुकिंगबरोबर कॅम्पिंगची बुकिंग्ज आणि तारखांसकट रस्ता लिहून जोडला होता, काही अडचण आली नाही. खाण्याचं म्हणाल तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा बिनधास्त न्या पण तूप, पेढे, खवा घातलेलं काही नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथलं लोणी बहुतेक खारट असतं, बिनमिठाचं बघून घ्या आणि पहिल्याच दिवशी कढवून ठेवा, मऊ भातावर तेवढं असलं की बाबांचं जेवण झालं!

मूळचा मालवणचा, सध्या पोर्तोत

मासे खाणारे असाल तर नशीब काढलंत. सेतुबालच्या लिव्रामेंतो मार्केटात सकाळी जावा, निळ्या टाइल्सच्या भिंती आणि खाली मासळी, मी तिथे गेलो की मला निघवत नाही. जूनमध्ये निखाऱ्यावर भाजलेली सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच बहीण, नुसतं जाडं मीठ लावून पावावर ठेवून देतात, मसाल्याची आठवणसुद्धा येत नाही. सेतुबालला तळलेलं माकुलही खा, त्यासाठीच लोक लिस्बनहून येतात. त्रोयाच्या फेरीत डेकवर उभे राहा, सादो नदीच्या मुखाशी डॉल्फिन कायम राहतात, दिसतीलच असं नाही पण नजर ठेवायची.

समुद्राबद्दल मात्र मनापासून सांगतो, हा आपला अरबी समुद्र नव्हे. उन्हाळ्यातसुद्धा पश्चिम किनाऱ्याचं पाणी थंडगार असतं, कारण उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. या वाऱ्याला इथे नोर्ताडा म्हणतात, दुपारनंतर जोर धरतो, गाडीची बाजूची कनात उघडी ठेवून फिरायला जाऊ नका. बीचवर पिवळा झेंडा असेल तर पाण्यात उभं राहता येतं पण पोहायचं नाही, लाल असेल तर पायसुद्धा नाही. मुलीला पोहायचंच असेल तर साग्रेस ओलांडून अल्गार्व या दक्षिणेकडच्या प्रांताच्या दक्षिण किनाऱ्याला न्या, तिथे पाणी जरा ऊबदार आणि शांत. आणि नाझारेच्या त्या राक्षसी लाटा ऑक्टोबर ते मार्चच्या, समुद्राखाली सुमारे 5 किलोमीटर खोलीपर्यंत जाणारी घळ आहे तिच्यामुळे उठतात. मेमध्ये फक्त त्यासाठी वर जाणार असाल तर नका जाऊ, ते दिवस खाली घालवा.

पणजीहून

सिनेसला थांबा, वास्को द गामाचं जन्मगाव, किल्ल्यापाशी त्याचा पुतळा आहे. आम्हा गोयंकारांना तिथे उभं राहिल्यावर मनात बरंच काही येतं. आणि कुठल्याही साध्या कॅफेत शामुसा मिळतो, म्हणजे गोव्यावरून गेलेला सामोसा, पण आत बहुतेक वेळा मांस असतं, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. डाळ, तांदूळ, कढीपत्ता हवा असेल तर लिस्बनला मार्तिम मोनिझ भागात भरून घ्या.

लेस्टरहून

ड्रायव्हिंगबद्दल. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट घ्या, गाडी 3500 किलोच्या आतली घ्या. डावीकडचं स्टिअरिंग नवीन असेल तर ऑटोमॅटिक मागा आणि लवकर बुक करा, कमी असतात. लिस्बनच्या आत गाडी नेऊच नका, शहर आधी पायी आणि ट्रामने बघून घ्या आणि निघायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या. टोलचं यंत्र गाडीवाल्याकडूनच लावून घ्या, काही रस्त्यांवर टोलनाके नसतात, नुसते कॅमेरे. पुढच्या चाकापाशी जमिनीपासून गाडीची उंची 1.10 मीटर किंवा जास्त असेल तर टोलचा वर्ग बदलतो, गाडी घेतानाच विचारा. अल्गार्वचा ए 22 मात्र 1 जानेवारी 2025 पासून टोलमुक्त आहे.

धागा काढणारी

सगळ्यांना मनापासून थँक्यू! नाझारे काढलं, दक्षिणेला दिवस वाढवले, सासूबाईंना खालचा बेड. आता फक्त एक, कुकर न्यावा का, व्हॅनमधल्या शेगडीवर बसतो का?

ठाण्याहून

तीन लिटरचा न्या, आरामात बसतो. शिट्टी वाजायच्या आधी खिडकी उघडा आणि गाडीच्या छतावरचं झाकणही, नाहीतर गाद्यांना डाळीचा वास राहतो. आणि कॅम्पिंगमध्ये रात्री शांततेची वेळ असते, खिचडी त्याआधीच लावा.