माणूस मूळचा शाकाहारी की मांसाहारी? दातांवरून आणि आतड्यांवरून काही ठरते का?

प्रश्न (खानापूर तालुक्यातून)

नमस्कार. आमच्या घरी गणपतीतल्या उंदरीला (गणपतीच्या उंदराच्या सणाला) मटण ठरलेले असते, तर शेजारच्या लिंगायत कुटुंबाच्या स्वयंपाकघरात अंड्याचे टरफलही कधी आलेले नाही. दोन्ही घरांचा घरोबा तीन पिढ्यांचा आहे आणि एकमेकांच्या ताटात डोकावण्याची आमच्यात रीत नाही. परंतु गेल्या आठवड्यात शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने माझ्या पुतण्याला मोबाइलवर एक तक्ता दाखवला. माणसाचे आतडे लांब असते, वाघ-मांजरांचे आखूड असते, त्यामुळे माणूस निसर्गतः शाकाहारीच आहे, असे त्यात लिहिले होते. त्यावर पुतण्याने ओठ वर करून सुळे दाखवले आणि "मग हे कशाला दिले आहेत?" असे विचारले. तेव्हापासून कट्ट्यावर रोज हाच विषय चालू आहे. जातिधर्माचा मुद्दा बाजूला ठेवून, शरीररचनेच्या आधारे यांपैकी कोणाचे म्हणणे खरे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (चिकोडी, निवृत्त पशुवैद्यक)

आपल्या पुतण्याला प्रथम खानापूरच्या रानातले काळ्या तोंडाचे वानर पाहायला सांगा. नर वानराने जांभई दिली की त्याचे सुळे दिसतात, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी लांब व धारदार असतात. तरीही हा प्राणी मुख्यतः पाला, कळ्या, फळे आणि बिया खाऊन जगतो. पाला आंबवण्यासाठी त्याच्या पोटात वेगळे कप्पेही असतात. ते सुळे आपसांतल्या भांडणासाठी आणि धाक दाखवण्यासाठी आहेत. सुळ्यांवरून आहार ठरवायचा झाला, तर वानराला वाघाच्या पंगतीला बसवावे लागेल.

मी नोकरीत असताना शेळीचे वय सांगण्यासाठी तिचा खालचा ओठ बोटाने खाली ओढून दात मोजत असे. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खालचे आठ दात त्या हिरडीवर दाबून ती पाला तोडते आणि मग दाढांवर तो आडवा घासते. मांजराचा जबडा आडवा जवळजवळ हलतच नाही. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना लागून जातात. माणसाचे पटाशीचे दात वर-खाली दोन्हीकडे असतात, दाढा बुटक्या आणि उंचवट्यांच्या असतात आणि जबडा थोडा आडवाही फिरतो. ही ठेवण शेळीची नव्हे आणि मांजराचीही नव्हे. आमच्या व्यवसायात अशा दाढा आम्हाला डुकराच्या तोंडात दिसत, आणि डुक्कर काय काय खाते हे कोणाला सांगायला नको.

उत्तर २ (बेळगाव, जीवशास्त्राचा शिक्षक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आतड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण असे तक्ते माझ्याही वर्गात दर वर्षी येतात. त्यांत बहुधा मोजमापाचीच गफलत असते, कारण आतडे कशाशी ताडून पाहिले हे त्यांत सांगितलेले नसते; माणसाचे आतडे धडाशी ताडले तर लांब भरते आणि पायांसकट उंचीशी ताडले तर आखूड. सारखे माप लावले, तर मांजराचे आतडे धडाच्या सुमारे ४ पट आणि मेंढीचे सुमारे २५ पट भरते, आणि माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. परंतु लांबीपेक्षा वाटणी अधिक बोलकी आहे. गोरिला-चिंपँझी यांच्या पचनमार्गाचा निम्म्याहून अधिक भाग मोठ्या आतड्याने व्यापलेला असतो, कारण चोथा तिथे आंबवावा लागतो. आपल्यात निम्म्याहून अधिक भाग लहान आतड्याचा असतो. याचा अर्थ आपले पोट चोथ्यासाठी नसून आधीच मऊ केलेल्या, कसदार अन्नासाठी घडलेले आहे, मग ते मांस असो, कंद असो की भाकरी.

हे मऊ करण्याचे काम दातांनी केलेले नाही. इथिओपियात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे आणि त्यांनी कापल्याच्या खुणा असलेली जनावरांची हाडे मिळाली आहेत, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाचा पुरावा आहे. सुळे लहान होत गेले तरी आपले अडले नाही, कारण पाटा-वरवंटा आणि चूल यांचे पूर्वज आपल्या हाती होते. माझ्या मते या वादात चुलीचे नाव कोणी घेत नाही, हीच खरी चूक आहे. कच्चे मटण असो वा कच्चा जोंधळा, दोन्ही समोर ठेवले तर वादाचे दोन्ही पक्ष उपाशी उठतील.

पिठूळ अन्नाची खूण मात्र आपल्या लाळेतच आहे. जोंधळ्याच्या भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावला, तर तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले अमायलेज पिष्टाची साखर करू लागते. हे अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या चिंपँझीकडे २ प्रती असतात, माणसात त्या सरासरी ६ च्या आसपास असतात, आणि पिष्टमय अन्न खात आलेल्या समाजांत त्या अधिक आढळतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मांजराच्या लाळेत ते नसतेच. याउलट ब-१२ जीवनसत्त्व आपल्याला वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते जंतू तयार करतात. शेळीच्या पोटात ते आतड्याच्या आधीच तयार होते, म्हणून तिला मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही थोडे बनवतात, पण ते शोषून घेणारा भाग लहान आतड्याच्या शेवटी असल्यामुळे मागे राहून गेलेला असतो.

आपल्या राज्यातलेच उदाहरण द्यायचे, तर बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू येथील नवाश्मयुगीन वस्तीत हुलगा, मूग आणि बारीक तृणधान्यांचे जळके दाणे मिळाले, तशी गाईगुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडेही मिळाली. (जोंधळा मूळचा आफ्रिकेतला आणि तांबड्या रश्श्यातली मिरची अमेरिकेतली, हे निसर्गाच्या नावाने भांडणाऱ्या दोघांनाही सांगायला हरकत नाही.) तेव्हा शरीररचनेचे उत्तर "दोन्ही खाऊ शकणारा" असेच येते.

उत्तर ३ (निपाणी)

सरांचे विवेचन पटले, पण एक शंका आहे. "दोन्ही खाऊ शकतो" याचा अर्थ "दोन्ही खाल्लेच पाहिजे" असा लावून आमच्यासारख्या जैन घरांना लोक सल्ले देतात, ते मला मान्य नाही. मांजराला टॉरिन (शरीराला लागणारे एक आम्ल) आणि तयार अ-जीवनसत्त्व मांसातूनच लागते. माणसाचे शरीर टॉरिन स्वतः बनवते आणि गाजर-पालेभाजीतून अ-जीवनसत्त्वही तयार करून घेते. मग मांसावाचून आमचे अडते कुठे?

ब-१२ चा अनुभव मात्र मी घेतला आहे. उपवासांच्या दिवसांत मी दूध-दहीही बंद केले होते आणि पुढे ते तसेच बंद राहिले. वर्ष-दीड वर्षाने तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. एका दवाखान्यात "वयामुळे होते" म्हणून सांगून मला परत पाठवले; दुसरीकडे रक्त तपासल्यावर ब-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने घेतली, ताक-दही पुन्हा सुरू केले आणि आता बरे आहे.

उत्तर ४ (बेळगाव, जीवशास्त्राचा शिक्षक)

ताई, आपली शंका रास्त आहे. मांसावाचून अडत नाही. अडते ते ब-१२ वाचून, आणि ते दुधातूनही मिळते. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते आणि पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असते. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

प्रश्नकर्ता (खानापूर)

सर्वांचा आभारी आहे. दोन्ही मुलांना हे वाचून दाखवले. शेजारच्या मुलाने तक्ता पुसून टाकला आणि पुतण्या सकाळपासून वानराची जांभई मोबाइलवर टिपण्यासाठी फणसाखाली बसून आहे. निपाणीच्या ताईंचे वाचून शेजारच्या वहिनींनीही पायांच्या मुंग्यांबद्दल विचारले. त्या दूध घेत नाहीत, चहाही कोराच घेतात. सोमवारी त्यांना रक्त तपासायला बेळगावला नेणार आहोत.