नागपूर: जुन्या गिरणीच्या खुणा बघायच्यात, कुठे जावं?

सोलापूरची लेक:
डिसेंबरात लग्नासाठी बाबांना घेऊन नागपूरला येतेय. लग्न उरकलं की शनिवार-रविवार मोकळे. बाबांची सगळी नोकरी सूतगिरणीत गेली, त्यामुळे देवळं-बागांपेक्षा त्यांना एम्प्रेस मिलची ओढ. काही शिल्लक आहे का? गुडघे दुखतात, फार चालणं नको.

महालवाला:
ताई, आधीच सांगून ठेवतो, गिरणी शोधायला जाल तर मॉल दिसेल. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि त्या जागेवर एम्प्रेस सिटी उभी राहिली. लोक ह्याला कायापालट म्हणतात. माझ्या मते नुसता जागेला भाव आला.

तरी बाबांना न्याच. मेट्रोने कॉटन मार्केटला उतरा, तिथून ऑटो करा. मॉलमध्ये न शिरता जवळच्या गांधीसागर तलावाकाठी बसा. गिरणी बांधायला घेतली तेव्हा तिची जागा म्हणजे दलदल होती. कापूस जवळ, रेल्वे १८६७ लाच आलेली, म्हणून टाटा मुंबई सोडून इथे आले. इथल्या एका सावकाराने म्हणे ‘मातीत पैसा घालणाऱ्याला’ कर्ज द्यायला नकार दिला, आणि गिरणी चालायला लागल्यावर त्यानेच कबूल केलं की ह्या माणसाने माती टाकून सोनं काढलं. बाबा कताई खात्यातले असतील तर रिंग स्पिंडलचा, म्हणजे सूत कातायच्या चातीचा विषय काढा. हिंदुस्थानात त्याचे सुरुवातीचे प्रयोग ह्याच गिरणीत झाले. मग तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही!

कडबी चौक:
भाऊ, मॉल दाखवून काकांचा जीव कशाला जाळता? मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवा. अडीच फुटी रुळांवरची वाफेची इंजिनं, जुने डबे. आमची छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ ला बंद झाली, आता ती दुनिया तिथेच बघायची. ऑरेंज लाईनने कडबी चौक स्टेशन, पुढे ऑटो. जायच्या आधी वेळ तेवढी विचारून घ्या.

जाताना गड्डीगोदामला काकांना खिडकीशी बसवा. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर आपली मेट्रो. यंत्रात रमणाऱ्या माणसाला हे आवडतंच.

सोलापूरची लेक:
दोन्ही करतो. तुमचं ते तिखट सावजी जेवण झेपेल का? आम्ही कडक भाकरी अन् शेंगाचटणीवाले.

महालवाला:
सावजी तर खायलाच पाहिजे, ते मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. माग सोडून त्यातले कितीतरी जण गिरणीत लागले, म्हणजे बाबांच्याच बिरादरीचं जेवण म्हणा. मोठ्या हॉटेलपेक्षा जुन्या वस्तीतली साधी खानावळ बरी. मटण सांगा, रस्सा वेगळा मागा. तिखट लगेच कळत नाही, मागाहून चढतं.

कडबी चौक:
सकाळी तर्री पोहे, थंडीत सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बरं का. इडलीसोबतचं शोधू नका. आणि रविवारी रात्रीची गाडी असेल तर सावजी शनिवारीच उरकून टाका.