घरच्या फोटोंना आरसिंक की साधा सीपी?

रात्रपाळी:
धागा काढण्यास कारण की, रविवारी मेहुण्याशी चक्क दोन कमांडवरून वाजलं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यात १८० जीबी फोटो. महिन्यातून एकदा सीपीला, म्हणजे फाइली कॉपी करायच्या साध्या कमांडला, 'यू' हा पर्याय लावून बाहेरच्या डिस्कवर टाकतो. नवीन तेवढेच जातात. मेहुण्याचा हट्ट, दोन्हीकडच्या फाइली ताडून फरक असलेल्याच नेणारी आरसिंक कमांडच वापर. माझ्या मते हे शेजारच्या खोलीत जायला टॅक्सी बोलावणं झालं. घरच्या दोन डिस्कना सीपी बास.

खटपट्या:
मेहुण्याचं बरोबर आहे. कॉपी चालू असताना कधी वीज गेली होती का?

रात्रपाळी:
शेकडो वेळा. पुन्हा चालवतो.

खटपट्या:
तिथेच मेख आहे. अर्धवट लिहिलेली फाइल तिकडे पडून राहते आणि तिच्यावरची वेळ असते वीज गेली तेव्हाची, म्हणजे मूळ फोटोपेक्षा नवी. पुढच्या वेळी 'यू' म्हणतो, तिकडची ताजी आहे, सोडा. ती कायमची अर्धीच राहते. आरसिंक वेळेसोबत आकारही बघतं. शिवाय फाइल पूर्ण उतरेपर्यंत तिला खरं नाव देत नाही.

जुनी खोड:
एवढी आरती नको. १९९६ साली ट्रिजेल आणि मॅकेरास या प्रोग्रामरांनी आरसिंक आणलं ते संथ नेटवर्कवरून फाइलीचा बदललेला तुकडाच पाठवता यावा म्हणून. एकाच संगणकावरच्या दोन डिस्कमध्ये ती करामत आपणहून चालतच नाही, अख्खी फाइल जाते. आणि मूळ जागी नसलेलं तिकडूनही पुसणाऱ्या 'डिलीट' पर्यायाचं काय? माझी मूळ डिस्क एकदा माउंटच झाली नव्हती, म्हणजे सिस्टीमने ती जोडूनच घेतली नव्हती, फोल्डर रिकामा. आरसिंकने इमानेइतबारे बॅकअपही रिकामा केला. सीपीला निदान पुसता तरी येत नाही!

खटपट्या:
ताई, 'डिलीट' तुम्ही लिहिलंत म्हणून चाललं. आधी 'एन' लावून रंगीत तालीम घ्यायची, काही न हलवता काय होईल तेवढं दिसतं.

जुनी खोड:
रात्री साडेअकराला कोण तालीम घेतं हो?

पेनड्राइव्ह:
डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत फॅट३२ असेल तर अजून एक. तिथे वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदली जाते, त्यामुळे आरसिंक न बदललेल्या फाइलीही परत ओततं. 'मॉडिफाय-विंडो' एक ठेवा, म्हणजे एका सेकंदाचा फरक ते सोडून देतं.

रात्रपाळी:
'एन' आणि फाइलींची नावं दाखवणारा 'व्ही' लावून आत्ता बघितलं. यादीत सगळेच फोटो! हे तुमचं हुशार आरसिंक?

खटपट्या:
सीपीला मूळ वेळ जपणारा 'पी' न लावल्याने तिकडे सगळीकडे कॉपीची वेळ बसली आहे, मूळ वेळ नाही. फक्त आकार ताडणारा 'साइज-ओन्ली' लावून बघा.

रात्रपाळी:
अकरा नावं उरली. नऊ या महिन्याची, ती अजून गेलीच नव्हती. उरलेली दोन २०२२च्या गणपतीतली आहेत. डिस्कवरची उघडली, एकात बाप्पाचा मुकुट दिसतो, खाली सगळं करडं. मूळ फोटो लॅपटॉपवर शाबूत आहेत म्हणून वाचलो. मेहुण्याला मात्र कोणी कळवू नका.