सिरॅमिक ग्रिलवर मजली जाळ्या : वीस जणांचे एका खेपेत भागेल का?

खारघरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या खारघरच्या रो-हाउसच्या अंगणात कामाडो पद्धतीचे, अंडाकृती सिरॅमिक ग्रिल आहे. त्याची जाळी ४६ सेंटिमीटर व्यासाची आहे. घरच्यांपुरते ते पुरून उरते. मात्र पुढच्या महिन्यात वीस माणसे जेवायला येणार आहेत आणि कोंबडीच्या तंगड्या, पनीर, मक्याची कणसे व जमल्यास बांगडे असा बेत आहे. पाहुण्यांपैकी सहा-सात जण शाकाहारी आहेत. मूळ जाळीवर आणखी एक किंवा दोन जाळ्या चढवल्या, तर सगळे एकाच वेळी भाजून निघेल असा माझा अंदाज आहे. पोपटीच्या मडक्यात नाही का, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी एकावर एक रचलेली असूनही सगळे सारखे शिजते? तयार जाळी घ्यावी की बनवून घ्यावी, दोन जाळ्यांत अंतर किती ठेवावे आणि कोळसा वाढवावा लागतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरूळवासी

पोपटीचा दाखला इथे लागू पडत नाही. ते मडके भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद केलेले असते आणि आतला जिन्नस मुख्यतः कोंडलेल्या वाफेवर शिजतो. ग्रिलमध्ये मात्र खालच्या झडपेतून हवा आत येते, निखाऱ्यांवरून तापून वर चढते, घुमटाला लागून फिरते आणि वरच्या झडपेतून बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक मजल्यावरची आच वेगळी असते. निखारे व जाळी यांच्यामध्ये डिफ्लेक्टर, म्हणजे सिरॅमिकची आडवी तबकडी, ठेवली की गरम हवा तिच्या कडेने वर जाते आणि त्यामुळे वरची जाळी खालच्या जाळीपेक्षा जास्त तापते. तबकडी नसेल तर खालच्या जाळीला निखाऱ्यांची थेट धग बसते, आणि वरच्या जाळीवरच्या पदार्थांतून गळणारे तेल निखाऱ्यांवर पडून भडका उडतो तो निराळाच.

जागेचा हिशेबही आधी करून पाहावा. ४६ सेंटिमीटरच्या जाळीचे क्षेत्रफळ सुमारे १,६६० चौरस सेंटिमीटर भरते. घुमट वर निमुळता होत जात असल्याने वरची जाळी फार तर ३३ सेंटिमीटरची बसेल आणि तिचे क्षेत्रफळ ८५५ च्या आसपास येईल. म्हणजे दुसऱ्या जाळीने जागा दुप्पट नव्हे, दीडपट होते. तिसऱ्या जाळीवर तर चार तंगड्यासुद्धा धड मावणार नाहीत आणि तिच्यामुळे हवेची वाट मात्र अडेल, म्हणून तिचा नाद सोडावा हे माझे स्पष्ट मत आहे.

जाळ्या वाढल्या म्हणून कोळसा वाढवण्याची गरज नाही. पेटी एकदा नीट भरली की या ग्रिलमध्ये तो तासन्‌तास पुरतो. थंड मांस भरपूर ठेवल्यावर झाकणावरच्या तापमापकाचा काटा खाली येतो, तेव्हा घाबरून झडपा सताड उघडू नयेत. जाड सिरॅमिक एकदा वाजवीपेक्षा जास्त तापले की लवकर निवत नाही आणि तंगड्या बाहेरून करपून आत कच्च्या राहतात.

वागळे इस्टेटवाला, ठाणे

जाळी बनवून घेणार असाल तर रबाळे-महापे पट्ट्यात किंवा आमच्याकडे वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनची कामे करणारे पुष्कळ आहेत. साहित्य एस.एस. ३०४, म्हणजे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलच घ्यावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. लोहचुंबक लावून खात्री करण्याची पद्धत फसवी आहे, कारण स्वस्तातले २०२ प्रतीचे स्टीलही चुंबकाला फारसे चिकटत नाही. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, मग ती कितीही चकचकीत दिसो, अजिबात वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, निखाऱ्यांजवळचे तापमान त्याहून सहज वर जाते आणि त्याचा धूर आरोग्याला घातक असतो. जोड आर्गन वेल्डिंगने करून घ्यावेत व टोके घासून गुळगुळीत करून घ्यावीत.

अंतराबद्दल सांगायचे तर तंगड्यांसाठी दोन जाळ्यांमध्ये ११-१२ सेंटिमीटर मोकळे असावेत, म्हणजे चिमट्याने खालचा तुकडा उलटता येतो. माप घेताना बहुतेकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते : झाकणावरच्या तापमापकाची दांडी आत डोकावत असते. वरच्या जाळीवरच्या तंगडीत ती रुतली, तर काटा घुमटातल्या हवेचे नव्हे, मांसाचे तापमान दाखवतो. त्यामुळे पुठ्ठ्याची चकती कापून ग्रिल थंड असताना झाकण लावून पाहावे आणि मगच फॅब्रिकेशनवाल्याकडे जावे.

खारघरकर

दोघांचेही मनापासून आभार. तिसरी जाळी रद्द करतो. मग शाकाहारी पदार्थ वरच्या जाळीवर आणि कोंबडी खाली, अशी मांडणी चालेल का? बांगड्यांचे काय करावे?

नेरूळवासी

कच्च्या कोंबडीचा रस पनीरवर गळणार नाही, एवढ्यापुरती ती मांडणी ठीक आहे. पण एकाच झाकणाखाली, त्याच धुरात भाजलेले पनीर आपले शाकाहारी पाहुणे आनंदाने खातील का, याचा विचार करावा. आमच्याकडे तरी खाल्ले नसते. शिवाय पनीर काही मिनिटांत होते आणि तंगडीला पाऊण तास लागतो, त्यामुळे मध्येच झाकण उघडावे लागेल आणि साठलेली उष्णता निघून जाईल.

माझ्या मते पहिल्यांदा स्वच्छ जाळीवर, तबकडी न ठेवता, कणसे व पनीर थेट निखाऱ्यांवर भाजून वाढून टाकावे. नंतर हातमोजे घालून जाळी उचलावी, तबकडी बसवावी, दोन्ही जाळ्या चढवाव्यात आणि ग्रिल १८० ते १९० अंशांवर स्थिरावल्यावरच तंगड्या लावाव्यात. कडेने बोटभर जागा हवेसाठी मोकळी सोडावी आणि अर्ध्या वेळाने वरच्या तंगड्या खाली, खालच्या वर कराव्यात. झाकण उघडताना आधी किंचित उचलून थोडे थांबावे, एकदम उघडल्यास हवा आत घुसून ज्वाळा अंगावर येऊ शकते. काढण्यापूर्वी हाडाजवळच्या मांसात, हाडाला न टेकवता, तापमापक खुपसून ७४ अंश झाल्याची खात्री करावी, आणि ही तपासणी दोन्ही जाळ्यांवर करावी.

बांगडे या गर्दीत घालूच नयेत. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातून ताजे आणलेत तर घरात तव्यावर करावेत, तेवढ्या वेळात बाहेर तंगड्या होतील.