दी मात्तेओंसाठी टाळ्या आणि सार्रींविरुद्ध घोषणा: असे का?

तुकोगंजकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी चार-पाच जण इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने पाहायला जमतात. गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने असा प्रश्न काढला की आमच्यापैकी कोणालाही त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, म्हणून तो येथे मांडतो.

चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे इटालियन मॅनेजर रोबेर्तो दी मात्तेओ यांना क्लबने नोव्हेंबर २०१२ मध्ये काढले. युव्हेंटसकडून ३-० अशी हार नुकतीच झाली होती आणि संघाची घडी विस्कटलेली होती. तरीही पुढच्याच सामन्यात स्टॅम्फर्ड ब्रिज या चेल्सीच्या घरच्या मैदानावरच्या प्रेक्षकांनी सोळाव्या मिनिटाला टाळ्यांचा कडकडाट केला, कारण खेळाडू असताना दी मात्तेओंच्या पाठीवर १६ हा आकडा असे. याउलट दुसरे इटालियन मॅनेजर मौरित्सिओ सार्री यांनी २०१८-१९ या एकाच मोसमात चेल्सीला लीगमध्ये तिसरे स्थान मिळवून दिले, लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि बाकूमध्ये आर्सेनलला ४-१ असे हरवून युरोपा लीगही जिंकून दिली. मात्र त्याच मोसमातल्या फेब्रुवारीत, एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडसमोर संघ हरत असताना, आपल्याच चाहत्यांनी त्यांच्या खेळपद्धतीला शिव्या देणाऱ्या घोषणा दिल्या.

पुतण्याचे म्हणणे असे की चॅम्पियन्स लीग मोठी आणि युरोपा लीग लहान, एवढाच हा हिशेब आहे. मला ते पटत नाही. इटलीचेच क्लाउडिओ रानिएरी चेल्सीत चार वर्षे मॅनेजर होते आणि त्यांनी तेथे एकही चषक जिंकला नाही, तरी २००४ मध्ये ते निघाले तेव्हा चाहत्यांना वाईट वाटले होते. जाणकारांनी कृपया सांगावे की इंग्लंडमधला चाहता परदेशातून आलेल्या मॅनेजरला नेमका कशावरून आपला मानतो?

छत्रीबाग

आपण निवडलेली दोन उदाहरणे फार बोलकी आहेत. मी विआल्लींच्या काळापासून चेल्सीचे सामने पाहत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

इटालियन असण्याचा यात काहीही संबंध नाही, हे आधी स्पष्ट करतो. १९९६ मध्ये विआल्ली, दी मात्तेओ आणि झोला हे तिघेही इटालियन खेळाडू या क्लबमध्ये आले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेव्हाचे मॅनेजर खुलीट यांना काढल्यावर विआल्ली खेळाडू असतानाच मॅनेजर झाले आणि आर्सेनलविरुद्धच्या आपल्या पहिल्याच सामन्याआधी त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना शॅम्पेनचे प्याले दिले. त्याच वर्षी संघाने लीग कप आणि कप विनर्स कप जिंकला. २६ डिसेंबर १९९९ रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध त्यांनी उतरवलेल्या अकरा जणांत एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता. इंग्लिश लीगमध्ये असे प्रथमच घडत होते आणि वर्तमानपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले, पण त्यामुळे चेल्सीच्या चाहत्याने विआल्लींना दूर केले नाही.

दी मात्तेओंचे नाते तर मैदानावरच जुळलेले होते. १९९७ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी पहिल्या मिनिटातच गोल केला होता आणि २००० च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्यांचाच होता. मार्च २०१२ मध्ये ते हंगामी मॅनेजर म्हणून आले तेव्हा चॅम्पियन्स लीगमधली नापोलीविरुद्धची पहिली लढत चेल्सी ३-१ अशी हरलेली होती. तेथून त्यांनी संघाला म्युनिकमधल्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि बायर्नला त्यांच्याच घरच्या मैदानावर पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. भारतात तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते आणि आमच्या गल्लीत फक्त आमच्याच घरातला दिवा जळत होता. अशा माणसाला सहा महिन्यांत काढून त्याच्या जागी लिव्हरपूलचे पूर्वीचे मॅनेजर बेनीतेझ यांना आणले. त्या टाळ्यांमध्ये दी मात्तेओंविषयीची माया होती, तसा मालकांवरचा रागही होता.

सार्रींचे दुखणे वेगळे होते. ते स्वतःची पद्धत घेऊन आले आणि माणसे तिच्यात बसवू लागले. लागोपाठ दोन लीग विजेतेपदांत (आधी लेस्टरच्या, मग चेल्सीच्या) ज्याचा सिंहाचा वाटा होता, त्या कांतेला त्यांनी मधल्या फळीच्या उजव्या बाजूला सरकवले आणि त्याची जागा नापोलीहून सोबत आणलेल्या जोर्जिन्योला दिली. क्लबच्याच अकादमीत वाढलेला हडसन-ओडोई बाकावर बसून राही. बदलही ठरलेले असत. बार्कलीच्या जागी कोव्हाचिच येणार किंवा कोव्हाचिचच्या जागी बार्कली, हे गॅलरीतल्या पोरालाही आधी कळत असे. प्रेक्षकाला जे डोळ्यांनी दिसत होते ते मॅनेजरला दिसत नाही, किंवा दिसूनही तो आपल्याला मोजत नाही, असे वाटले की मग चषकही कामी येत नाही.

मल्हारगंज ते लेस्टर

मी मूळचा इंदूरचा असून नोकरीनिमित्त २०१४ ते २०१८ लेस्टरमध्ये राहत होतो. रानिएरींचे नाव निघाले आहे, तर जे पाहिले ते सांगतो.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक झाली तेव्हा आमच्या कार्यालयातले जुने चाहते नाराज होते. सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव लावला होता. सुरुवातीला संघ जिंकत होता, पण प्रत्येक सामन्यात गोल स्वीकारत होता. तेव्हा रानिएरींनी खेळाडूंना सांगितले की एकही गोल न स्वीकारता सामना जिंका, मी पिझ्झा खाऊ घालीन. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला १-० असे हरवल्यावर त्यांनी तो शब्द पाळला, पण पिझ्झा खेळाडूंना स्वतःच्या हातांनी बनवायला लावला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये, दुकानात, सगळीकडे तीच चर्चा होती. ८१ गुण मिळवून, आर्सेनलपेक्षा दहा गुणांनी पुढे राहून संघाने लीग जिंकली आणि १६ मे २०१६ च्या मिरवणुकीला सुमारे दोन लाख चाळीस हजार लोक आले. त्यात आपल्याकडचे गुजराती आजी-आजोबाही होते, ज्यांनी त्याआधी कधी मैदानात पाऊलही ठेवले नव्हते.

अवघ्या नऊ महिन्यांनी, संघ पदावनतीच्या काठावर आलेला असताना, रानिएरींना काढले. लिव्हरपूलविरुद्धच्या पुढच्या सामन्यात ६५ व्या मिनिटाला लोकांनी मोबाइलचे दिवे उजळले, कारण त्यांचे वय ६५ होते. तो सामना लेस्टरने ३-१ असा जिंकला, आणि माझ्या शेजारच्या इंग्रज गृहस्थांना आनंद करावा की रडावे हे कळेना.

स्नेहलतागंज

छत्रीबागकरांशी मी पूर्ण सहमत नाही. नुसता जिव्हाळाच लागत असता, तर इटालियन मॅनेजर मानचिनी मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांना इतके प्रिय झाले नसते, कारण खेळाडूंशी त्यांचे वागणे कडक आणि कित्येकदा तुसडे होते.

मानचिनींनी वेगळीच गोष्ट ओळखली. सिटीने १९७६ नंतर एकही मोठा चषक जिंकला नव्हता आणि शेजारच्या युनायटेडच्या चाहत्यांनी आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्या कोरड्या वर्षांचा आकडा दाखवणारा फलकच लावला होता, जो दरवर्षी एकाने वाढत असे. २०११ चा एफए कप जिंकून त्यांनी तो ३५ वर थांबवला. पुढच्या वर्षी १३ मे रोजी अग्वेरोने भरपाईच्या वेळेत (इंज्युरी टाइममध्ये) गोल केला आणि लीगही आली. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, त्यांना काढले. तेव्हा त्यांनी मँचेस्टरच्या स्थानिक वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन चाहत्यांचे आभार मानले, आणि चाहत्यांनी वर्गणी काढून इटलीच्या वर्तमानपत्रात त्यांच्या आभाराची जाहिरात दिली. प्रेमापेक्षाही, शेजाऱ्याकडून इतकी वर्षे सोसलेला अपमान त्यांनी स्वतःचा मानला, हे लोकांना भावले.

परदेशीपुरा

आपण तिघांनीही जिंकणाऱ्यांची उदाहरणे दिलीत, म्हणून एक उलटे उदाहरण देतो. इटलीचे पाओलो दी कानिओ मार्च २०१३ मध्ये संडरलंडला मॅनेजर म्हणून आले आणि दोनच आठवड्यांत त्यांनी शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर ३-० असे हरवले. त्या भागातल्या चाहत्याला याहून मोठे सुख नाही. तरीही त्यांच्या नेमणुकीच्या दिवसापासून शहर दुभंगले होते, कारण लात्सिओ या इटालियन क्लबकडून खेळताना त्यांनी केलेली फॅसिस्ट सलामी लोक विसरले नव्हते.

यामागे त्या जागेचा इतिहास आहे. संडरलंडचे स्टेडियम बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जमिनीवर उभे आहे, बाहेर खाणकामगारांच्या दिव्याची प्रतिकृती आहे आणि आत खाण कामगारांच्या संघटनेचे निशाण ठेवलेले असे. डरहॅमच्या कामगार संघटनेने ते निशाण परत मागितले. माझे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण अनंत चतुर्दशीला मिलची झांकी (मिरवणुकीतला सजवलेला देखावा) आजही निघते आणि सारे इंदूर रात्रभर जागून ती पाहते. त्या झांकीच्या पुढे कोणी कामगारांचा द्वेष करणारा माणूस चालू लागला, तर तो कितीही कर्तबगार असो, आम्हाला चालेल का? तेथले निशाण म्हणजे तेथली झांकीच आहे.

महू-निवासी

मूळ प्रश्नाला थोडी बगल देतो, पण माहिती विषयाला धरून आहे. इंग्लंडमध्ये इटालियन येण्याच्या कितीतरी आधी इंग्लिश माणूस इटलीत गेला होता. विल्यम गार्बट १९१२ मध्ये जेनोआचे प्रशिक्षक झाले, आणि इटालियन खेळाडू प्रशिक्षकाला आजही ‘मिस्टर’ म्हणतात त्याचे मूळ त्यांच्यापर्यंत नेले जाते. परक्याला आपले करण्याचा अनुभव इंदूरलाही आहे. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करून गेला. होळकर संघ तो सामना हरला, पण आमच्या घरात त्या खेळीची गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. हाच कॉम्प्टन आर्सेनलचा फुटबॉलपटूही होता आणि १९५० चा एफए कप जिंकणाऱ्या संघात खेळला.

तुकोगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे पुतण्याला वाचून दाखवली. मानचिनींपर्यंत तो वाद घालत होता. परदेशीपुरा यांचे उत्तर ऐकल्यावर मात्र गप्प झाला, कारण मिल बंद पडल्यानंतर जन्मलेला असूनही लहानपणी दरवर्षी तो माझ्या खांद्यावर बसून हुकुमचंदची झांकी पाहत असे. थोड्या वेळाने त्याने एवढेच विचारले की सार्रींना चेल्सीची झांकी कोणी दाखवली असती, तर त्यांनी कांतेला त्याच्या जागेवर राहू दिले असते का? छत्रीबागकर, याचे उत्तर आता आपल्यालाच द्यावे लागेल.